संध्याकाळी सामू ६, सकाळी पुन्हा साडेसात : खताचे पाणी कसे तपासावे, कसे सुधारावे

उसाचे कोवळे पान पांढुरके-पिवळे पडले आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की ‘केवडा पडला’ म्हणायचे आणि दुकानातून हिराकस आणायचे, ही सीमाभागातल्या शेतकऱ्याची जुनी रीत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचे खत. निदान बरोबर, उपायही बरोबर. पण तेच हिराकस बोअरच्या जड पाण्यात कालवून बॅरल तासभर तसाच ठेवला की पाणी गढूळ होते, तांबूस रंग धरते आणि तळाला गंजासारखा गाळ बसतो. पैसे लोहाचे मोजले आणि लोह बॅरलच्या तळाशी राहिले. ठिबकातून सोडले तर तोच गाळ ड्रीपरच्या तोंडात जाऊन बसतो.

यात खताचा दोष नसतो, पाण्याचा असतो. पाण्याचा सामू म्हणजेच पीएच जास्त असला की लोह, मँगनीज, जस्त, तांबे ही सूक्ष्म अन्नद्रव्ये विरघळलेली राहत नाहीत. स्फुरद पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून पांढरी पूड होतो. मातीत शेती असेल तर माती थोडेफार सांभाळून घेते. पॉलिहाऊसमधल्या कोकोपीटच्या पिशवीत ढोबळी मिरची असेल, किंवा गच्चीवर पाईपमध्ये बिनमातीची पालेभाजी असेल, तर सांभाळायला कोणी नाही. मुळाला जे मिळते ते त्या पाण्यातूनच.

आकडा नेमका काय सांगतो

सामूची पट्टी ० ते १४ अशी धरतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. लक्षात ठेवायची गोष्ट एकच : पट्टीवरचे एक घर म्हणजे दहापट फरक. ७ पेक्षा ६ चे पाणी दहापट आम्ल, ५ चे शंभरपट. त्यामुळे ‘साडेसात काय नि साडेसहा काय’ हे बोलणे बरोबर नाही.

ही पट्टी सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. प्रयोगशाळा बिअर कंपनीची. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी इलेक्ट्रॉनिक मीटर केला, तोही लिंबाच्या रसाची आंबटी मोजायला. तेव्हा हे उपकरण शेतमालाच्या कामासाठी नवे नाही. आपल्याकडच्या खताच्या दुकानातच ते उशिरा पोचले.

बिनमातीच्या शेतीत खत मिसळलेल्या पाण्याचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवतात. कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.२ कडे कल असतो. ५ च्या खाली गेले तर मुळांची टोके जळतात, कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलणे कमी होते आणि मँगनीज नको तेवढे आत शिरते. म्हणजे जास्त आम्ल घालून ‘आणखी चांगले’ काही होत नाही.

मातीच्या बाबतीत एक गैरसमज काढून टाकायला हवा. चुनखडी असलेल्या काळ्या रानाचा सामू ठिबकाच्या पाण्यात आम्ल घालून बदलत नाही. चुनखडी ते आम्ल खाऊन टाकते. फायदा होतो तो ड्रीपर मोकळे राहण्याचा आणि ड्रीपरखालच्या ओल्या पट्ट्यात काही काळ अन्नद्रव्ये खुली राहण्याचा. तेवढीच अपेक्षा ठेवावी.

एका जिल्ह्यात दोन तऱ्हेचे पाणी

बेळगाव जिल्ह्याचेच बघा. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे धो धो पाऊस आणि जांभा दगड. अशा भागातले विहिरीचे पाणी मऊ, क्षार कमी, कधी सामू ७ च्या खालीच. गोव्यातल्या जांभ्याच्या विहिरींचीही जात तीच. पूर्वेला अथणी, रायबागकडे पाऊस कमी, काळी जमीन, खोल बोअर. त्या पाण्याने भांड्यावर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. इंदूरच्या माळव्यात काळ्या दगडातल्या बोअरला किंवा हैदराबादकडे ग्रॅनाईटमधल्या बोअरलाही जड पाण्याची अशीच तक्रार ऐकू येते.

आता दोन्हीकडच्या पाण्याचा सामू समजा ७.६ आला. आकडा सारखा. पण खानापूरच्या टाकीत आम्लाचा छोटासा डोस पडला की सामू धाडकन ४ वर कोसळतो, आणि अथणीच्या टाकीत त्याच्या पाचपट घातले तरी काटा हलत नाही. जो हलला तोही सकाळी परत वर आलेला असतो. ‘मीटर खोटे आहे’, ‘अ‍ॅसिड भेसळीचे आहे’ असे तर्क इथेच सुरू होतात. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. मोजायची राहिलेली असते ती वेगळीच गोष्ट : बायकार्बोनेट.

सामू म्हणजे गल्ल्यातली आजची रोकड. बायकार्बोनेट म्हणजे बँकेतली शिल्लक. गल्ला रिकामा केला तरी शिल्लक असेपर्यंत तो पुन्हा भरतो. आम्ल घातले की ते आधी बायकार्बोनेटशी लढते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पाणी आहे त्यापेक्षा जास्त आम्ल दिसते. रात्रीत तो उडून गेला आणि थोडे बायकार्बोनेट उरलेले असले, की सामू वर चढतो. संध्याकाळी ६ आणि सकाळी साडेसात याचे कोडे एवढेच.

म्हणून पाण्याचा अहवाल हवा. मत्तिकोपचे कृषी विज्ञान केंद्र, धारवाडचे कृषी विद्यापीठ, कोल्हापूरकडच्यांना कणेरीचे कृषी विज्ञान केंद्र, गोव्यात जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्था अशा ठिकाणी पाणी तपासणीची चौकशी करता येते. कर्नाटकातला अहवाल इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये हाती पडतो आणि लोक सामू व ईसी हे दोनच आकडे वाचून कागद घडी घालून ठेवतात. त्यात ‘बायकार्बोनेट’ किंवा ‘टोटल अल्कलिनिटी’ ही ओळ शोधावी. सापडत नसेल तर प्रयोगशाळेतच बोट ठेवून दाखवायला सांगावे. नमुना स्वच्छ बाटलीत, बोअर पंधरा-वीस मिनिटे चालल्यानंतर, काठोकाठ भरून घ्यावा. वर हवा ठेवू नये.

मीटर : घेणे सोपे, सांभाळणे अवघड

बाजारात पेनासारखी दोन मीटर शेजारी शेजारी मिळतात. एक टीडीएसचे किंवा ईसीचे, ते क्षार किती ते सांगते. दुसरे सामूचे. टीडीएस बघून सामू ओळखता येत नाही, तरी ही गल्लत रोज होते. लिटमस कागद फक्त आम्ल की विम्ल एवढे सांगतो. रंग बदलणाऱ्या थेंबांची बाटली अर्ध्या घरापर्यंत अंदाज देते. चार कुंड्यांच्या कामाला ती पुरते, आणि स्वस्त मीटर न जुळवता वापरण्यापेक्षा ती बरी.

मीटरबरोबर पुड्या येतात : ४.००, ६.८६ आणि बहुधा ९.१८. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या, बहुतेक वेळा २५० मिली, डिस्टिल्ड पाण्यात ती विरघळवायची. बॅटरीचे पाणी म्हणून मिळते ते चालते. नळाचे अजिबात नाही. आधी ६.८६ मध्ये बुडवून मीटर जुळवायचे, टोक धुवायचे, टिपायचे, मग ४.०० मध्ये. आपले काम ५.५ ते ६.५ मध्ये असल्यामुळे ही दोन पुरतात. रोज वापर असेल तर आठवड्याला एकदा जुळवणी हवी. कालवलेले द्रावण बाटलीत झाकून काही आठवडे टिकते, पण बुडवून झालेले परत बाटलीत ओतायचे नाही.

टोकाला काचेचा फुगा असतो, मीटरचा जीव त्यात. तो वाळला की आकडा हळू हळू सरकत बसतो. टोपणात ओला स्पंज असतो, त्यावर मीटरसोबतचे साठवण द्रावण, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडचे पाणी, दोन थेंब घालून ठेवावे. डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवणे ही चांगल्या हेतूने केलेली चूक. त्याने फुगा लवकर खराब होतो. फुगा कापडाने घासू नये, नुसता टिपावा. नीट सांभाळले तरी स्वस्त मीटरचे टोक एक-दोन वर्षांत थकते. जुळवणी करूनही ४.०० च्या जागी ४.४ दाखवत असेल तर आम्लाचा कॅन बदलण्याआधी मीटर बदला.

मोजताना पाणी ढवळून ग्लासात घ्यावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. पावसाचे किंवा आरओचे पाणी नुसतेच मोजले तर आकडा भटकत राहतो, कारण त्यात क्षारच नसतात. अशा पाण्याचा सामू खत मिसळल्यावरच बघायचा.

हिशेब

अहवालात बायकार्बोनेट मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर त्याला ६१ ने भागायचे. अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात दिली असेल तर ५० ने. येणारा आकडा मिलिइक्विव्हॅलंट. सोयीसाठी इथे ‘एकक’ म्हणू.

समजा बायकार्बोनेट ३६६ आले. भागिले ६१, म्हणजे ६ एकके. सगळी मारायची नसतात. अर्धे ते एक एकक मागे ठेवायचे, नाहीतर खानापूरच्या पाण्यासारखे होते, थेंबाने सामू कोसळतो. एक ठेवले तर मारायची उरली ५.

एक हजार लिटर पाण्यातले एक एकक मारायला ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल सुमारे ६८ मिली लागते, ६० टक्के नायट्रिक आम्ल सुमारे ७७ मिली. कॅनवरची टक्केवारी वेगळी असेल तर माप त्या प्रमाणात बदलते, म्हणून लेबल नसलेला कॅन घेऊच नये.

पाचही एकके फॉस्फरिकने मारायची तर ३४० मिली लागेल. सामू येईल, पण हजार लिटरमागे १५५ ग्रॅम स्फुरद पडेल. खताच्या पाण्यात साधारण ३० ते ६० ग्रॅम स्फुरद पुरतो. जादा स्फुरद लोह आणि जस्ताच्याच मुळावर येतो. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा अडकले. जड पाण्याच्या भागात ‘फॉस्फरिक सुरक्षित’ एवढेच ऐकून कॅनवर कॅन रिकामे करणाऱ्यांची चूक इथे होते.

त्यापेक्षा एक एकक फॉस्फरिकने (६८ मिली) आणि चार नायट्रिकने (सुमारे ३०८ मिली) मारावीत. यातून ३१ ग्रॅम स्फुरद आणि ५६ ग्रॅम नत्र आपोआप आले. ते खताच्या यादीतून वजा करायचे : सुमारे १३५ ग्रॅम ०:५२:३४ आणि ३६० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट यांच्याएवढा हा माल आहे. जड पाण्यात कॅल्शियम मुळातच असते, म्हणून कॅल्शियम नायट्रेट कमी करायला बहुधा जागा असते. अहवालातला कॅल्शियमचा आकडा बघून ठरवावे. आम्लाचा खर्च खताच्या खात्यात असा बराचसा वळता होतो, आणि हे न करणारा नत्राचे पैसे दोनदा भरतो.

नायट्रिक हाताळायची भीती वाटत असेल, आणि वाटलीच पाहिजे, तर मातीतल्या ठिबकासाठी युरिया फॉस्फेट म्हणजे १७:४४:० हे दाणेदार खत आहे. हजार लिटरला एका एककासाठी सुमारे १६० ग्रॅम. त्यातही स्फुरदाची मर्यादा वरचीच लागू, आणि युरिया असल्याने बिनमातीच्या शेतीला ते योग्य नाही.

अहवाल हातात नसेल तर बादलीने अंदाज घेता येतो. ९० मिली पाण्यात १० मिली फॉस्फरिक आम्ल सोडून पातळ द्रावण करायचे. १० लिटर पाण्याच्या बादलीत ते सिरिंजने एक-एक मिली घालत, ढवळत, मोजत जायचे. ५.८ च्या आसपास आले की थांबायचे, बादली रात्रभर उघडी ठेवायची, सकाळी परत मोजायचे. ६.५ च्या वर गेले असेल तर आणखी थोडे. जितके मिली पातळ द्रावण लागले त्याला १० ने गुणले की हजार लिटरला लागणारे मूळ आम्ल मिळते. वरच्या उदाहरणातल्या पाण्याला बादलीत ३४ मिलीच्या आसपास लागेल.

लिंबू, व्हिनेगर, चिंचेचे पाणी यांनीही सामू उतरतो, पण टिकत नाही. पाण्यातले जिवाणू ही सेंद्रिय आम्ले खाऊन टाकतात आणि एक-दोन दिवसांत सामू परत वर, वर पाण्याला बुळबुळीतपणा. एका कुंडीला आज पाणी घालायचे तर ठीक. टाकीत साठवायला नको. जुन्या बॅटरीतले आम्ल कधीच वापरू नये, त्यात शिसे असते. संडास साफ करायचे आम्लही नको. त्यात क्लोराईड तर असतेच, शिवाय कसली भेसळ असते ते कोणी सांगत नाही.

सामू वाढवायची वेळ गोव्यात, कोकणात, पावसाच्या पाण्यावर येते. त्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट किंवा पोटॅशियम कार्बोनेट चिमटीने. खाण्याच्या सोड्याने सामू वाढतो, पण सोबत सोडियम येते. नियमित वापर नको.

मिसळायचा क्रम

जड पाण्यात आधी आम्ल, मग खत. क्रम उलटा झाला तर आम्ल पोचेपर्यंत स्फुरद आणि लोहाचा गाळ तयार झालेला असतो, आणि बसलेला गाळ नंतर पूर्ण विरघळतोच असे नाही. मऊ पाण्यात मात्र आधी खत, कारण १२:६१:० किंवा ०:५२:३४ सारखी खतेच सामू खाली आणतात. नंतर मोजून कमी-जास्त करायचे.

घट्ट द्रावणाच्या दोन टाक्या असतील तर एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह, दुसरीत स्फुरद आणि सल्फेटची खते. फॉस्फरिक आम्ल कॅल्शियमच्या टाकीत गेले की टाकीभर चुन्यासारखा राडा होतो. आम्लाची तिसरी टाकी वेगळी ठेवणे सगळ्यात सुटसुटीत.

लोहाची पुडी घेताना नाव वाचावे. ईडीटीए लोह ६.५ च्या वर टिकत नाही, डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत, ईडीडीएचए ९ पर्यंत. शेवटचे सगळ्यात महाग. सामू आटोक्यात असेल तर त्याची गरज पडत नाही. चुनखडीच्या रानात मात्र तेच कामाला येते.

पाणी फिरते ठेवणाऱ्या पाईपच्या शेतीत सामू रोज, शक्यतो एकाच वेळी मोजावा. पीक नायट्रेट उचलते तसा सामू हळूहळू चढतो. हे निरोगी लक्षण. अमोनियम जास्त असेल तर तो उतरतो. टाकीत ऊन जाऊन शेवाळ झाले तर दुपारी वर, पहाटे खाली असा झोका दिसतो. तिथे आम्ल नव्हे, झाकण हवे. आणि काही न करता सामू एकदम खाली आला तर आधी मुळे उपसून बघावीत. तपकिरी, वास मारणारी मुळे असतील तर दुखणे वेगळे आहे.

हात भाजण्याआधी

नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. पाणी आम्लात ओतले की उकळी फुटून थेंब तोंडावर उडतात. डोळ्यांवर गॉगल, हातात लांब रबरी मोजे, माप आणि बादली प्लॅस्टिकची, पत्र्याची नको. नायट्रिकचा कॅन उघड्यावर उघडावा आणि सांडले तर त्यावर भुसा टाकू नये, पेट घेऊ शकतो; चुना किंवा खाण्याचा सोडा टाकून भरपूर पाणी मारावे. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एका जागी आले की क्लोरीन वायू होतो. ठिबक धुताना आज आम्ल, उद्या क्लोरीन अशी गाठ पडते, म्हणून मध्ये साध्या पाण्याने नळ्या पूर्ण धुऊन घ्याव्यात. अंगावर किंवा डोळ्यात उडाले तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून थेट दवाखाना. कातडीवर सोडा चोळत बसू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर किरकोळ दुकानात आम्ल घेताना ओळखपत्र, पत्ता आणि कारण नोंदवहीत द्यावे लागते, १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. नोंद न करता बाटलीत ओतून देणाऱ्या दुकानाचे आम्ल किती टक्के आहे हेही कळत नाही, त्यामुळे वरचा सगळा हिशेब तिथेच फसतो. पाण्याच्या बाटलीत आम्ल भरून ठेवण्याची सवय घराघरांत आहे, ती आधी मोडावी. मूळ कॅन, मूळ लेबल, कुलूप.

एकदा काढलेला अहवाल कायमचा नसतो. पाऊस संपल्यावर बोअरला आलेले पाणी आणि एप्रिल-मेमध्ये तळातून ओढलेले पाणी यांत बायकार्बोनेटचा बराच फरक पडू शकतो. दोन्ही वेळा नमुना द्यावा, निदान बादलीची चाचणी तरी करावी, आणि लागलेले मिली टाकीच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे.